नव्या सिस्टरची पहिली पाळी

जीएनएम या नर्सिंग पदविकेचा अभ्यासक्रम 3 वर्षांचा, बीएससी नर्सिंगचा 4 वर्षांचा. महाराष्ट्राच्या सरकारी रुग्णालयात रुजू झाल्यावर पद मिळतं ‘अधिपरिचारिका’. वर परिसेविका, त्यांच्या वर अधिसेविका.

कॉलेज आणि वॉर्ड यांतल्या दरीने बसणाऱ्या धक्क्याला अमेरिकी संशोधक मार्लीन क्रेमर यांनी 1974 मध्ये ‘रिअ‍ॅलिटी शॉक’ म्हटलं. पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये नवशिकी ते निष्णात अशा 5 पायऱ्या मांडल्या. नुकती पास झालेली परिचारिका त्यांत दुसऱ्या पायरीवर असते. तिच्या एकटीवर आयसीयू सोपवणं म्हणजे तिचाही आणि पेशंटचाही छळच.

नेतृत्व मात्र पदोन्नतीची वाट पाहत नाही. रात्रपाळीत वॉर्डातल्या आईच्या वयाच्या मावशींना काम सांगायचं, तेही मान राखून. डोस खटकला, तर इंजेक्शन हातात धरूनच डॉक्टरांना फोन लावायचा. पुढच्या पाळीला ओव्हर देताना ‘पेशंट ठीक आहे’ एवढ्याने भागत नाही: बीपी किती, लघवी किती झाली, सलाइन कधी संपेल, कोणता रिपोर्ट यायचाय, आणि नातेवाइकांना काय सांगून ठेवलंय, सगळं बोलावं लागतं.