मार्शल : पागेतून आलेलं आडनाव

सिंधू संस्कृतीचा शोध 1924 साली जगापुढे मांडणारे जॉन मार्शल आपल्याला शाळेपासून ठाऊक आहेत. आज त्यांच्या आडनावाविषयी बोलू. फील्ड मार्शल माहीत असलेल्या माणसाला वाटतं, हे सेनापतींचं आडनाव असणार. मुळात ते घोड्यांच्या चाकराचं आहे.

जुन्या जर्मॅनिक बोलींत 'मारह' म्हणजे घोडा आणि 'स्काल्क' म्हणजे नोकर. आपल्याकडे ज्याला मोतद्दार म्हणत, तोच हा माणूस. फ्रेंचांनी या जोडशब्दाचं 'मारेशाल' केलं आणि 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर तो इंग्रजीत रुजला. इंग्रजीतली घोडी, म्हणजे 'मेअर', ही त्या 'मारह'चीच नातेवाईक.

आता मोतद्दाराचा सेनापती कसा झाला? चिलखती स्वाराचं सगळं बळ घोड्यात. घोडा लंगडला की स्वार म्हणजे जमिनीवर पडलेलं लोखंड! त्यामुळे राजाच्या पागेचा प्रमुख हा मोठा माणूस ठरला. दाणा-वैरण त्याच्याकडे, मग तळाची व्यवस्था, पुढे सैन्याची शिस्तही त्याच्याकडेच आली. फौजेत वर्षं काढल्यावर मला यात नवल वाटत नाही. रसद आणि वाहनं ज्याच्या हाती, त्याला विचारल्याशिवाय कुठलाही कमांडर पाऊल टाकत नाही.

इंग्लंडमध्ये हे पद एका घराण्यात वंशपरंपरेने चाललं आणि पदाचंच आडनाव झालं. त्यातला विल्यम मार्शल सर्वांत नावाजलेला. तिसरा हेन्री लहान असताना राज्यकारभार यानेच सांभाळला आणि 1217 मध्ये, सत्तरीच्या घरात असताना, लिंकनच्या लढाईत स्वतः घोड्यावर बसून उतरला. लंडनच्या टेंपल चर्चमध्ये त्याची समाधी आहे.

पण प्रत्येक मार्शल त्याचा वंशज नव्हे. गावोगाव घोड्यांना नाल ठोकणाऱ्याला आणि त्यांचं दुखणंखुपणं पाहणाऱ्यालाही मार्शलच म्हणत. त्यांच्याही मुलाबाळांना तेच आडनाव चिकटलं. फ्रेंचमध्ये नाल ठोकणाऱ्याला आजही 'मारेशाल-फेराँ' म्हणतात. आपल्याकडे नालबंद आडनाव आहे, त्याचं हे सख्खं भावंडच समजा. तेव्हा एखाद्या मार्शलचा पूर्वज दरबारात असण्यापेक्षा ऐरणीपाशी उभा असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

हुद्दा मात्र वर वर चढत गेला. माणेकशा 1973 मध्ये फील्ड मार्शल झाले, करिअप्पा 1986 मध्ये. अर्जन सिंग 2002 मध्ये हवाई दलाचे मार्शल झाले. तिथे तर घोड्याचा पत्ताच नाही! आणि विधानसभेत गोंधळी आमदाराला उचलून बाहेर नेतात, तेही मार्शलच.

अमेरिकेने डिसेंबर 1944 मध्ये पंचतारांकित हुद्दा सुरू केला, तेव्हा त्यांचे लष्करप्रमुख होते जॉर्ज मार्शल. हुद्द्याचं नाव 'जनरल ऑफ द आर्मी' ठेवलं गेलं. 'मार्शल मार्शल' ऐकायला विचित्र वाटेल म्हणून तसं केलं, असा किस्सा फौजी मंडळी अजून रंगवून सांगतात.