जुन्या ट्रॅक्टरसाठी दुरुस्ती-पुस्तिकेची निवड

ट्रॅक्टर जुना झाला म्हणजे तो निरुपयोगी झाला असे नव्हे. स्वच्छ डिझेल, वेळेवर वंगण आणि योग्य दुरुस्ती मिळाल्यास तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे यंत्रही नांगरणीस, मळणीस व वाहतुकीस उत्तम काम देते. नवे यंत्र घेण्याची ऐपत नसलेल्या शेतकऱ्यास तर तेच आधार ठरते. परंतु अशा यंत्रांवर हात बसलेले जुने मिस्त्री दिवसेंदिवस कमी होत आहेत. मृगाच्या तोंडावर इंजिन उघडले गेले आणि ते पुन्हा कसे जोडावे याविषयी खात्रीलायक माहिती हाताशी नसली, तर होणारे नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चापुरते राहत नाही. वाफसा निघून जातो आणि पेरणी लांबते. यास्तव जुना ट्रॅक्टर बाळगणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने त्या यंत्राची योग्य पुस्तिका आधीच मिळवून ठेवणे अगत्याचे आहे.

पुस्तिकांचे तीन प्रकार

ट्रॅक्टरसंबंधीची पुस्तके सामान्यतः तीन प्रकारची असतात. पहिली चालक-पुस्तिका. हीत यंत्र चालविणे, तेल बदलणे, गाळण्या साफ करणे, पट्टा ताणणे इत्यादी नित्याची कामे सांगितलेली असतात. दुसरी सुट्या भागांची सूची. हीत प्रत्येक भागाचे चित्र व क्रमांक असतो. भाग कोणत्या क्रमाने बसतात हे चित्रांवरून कळते, पण ते किती घट्ट आवळावेत अथवा किती झीज चालू शकते हे तीत नसते. तिसरी दुरुस्ती-पुस्तिका. इंजिन, क्लच, गिअरपेटी व हायड्रॉलिक उचलयंत्रणा उघडण्याची व जोडण्याची रीत मापांसह हीतच मिळते.

अनेकदा शेतकरी चालक-पुस्तिका दुरुस्तीचे पुस्तक समजून विकत घेतो आणि काम पडल्यावर निराश होतो. इंजिन उघडावयाचे असेल तर तिसऱ्या प्रकारची पुस्तिकाच पाहिजे. तिच्या जोडीला भागांची सूची असल्यास उत्तम.

केवळ नावावर विसंबू नये

पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आपल्या ट्रॅक्टरचे नाव आहे एवढ्यावरून ती आपल्या उपयोगाची ठरत नाही. मॅसी फर्ग्युसन ३५ या प्रसिद्ध ट्रॅक्टरचे उदाहरण घेऊ. इंग्लंडमध्ये १९५६ साली फर्ग्युसन ३५ म्हणून तो प्रथम बाजारात आला व १९५७ च्या अखेरीस त्यास मॅसी फर्ग्युसन हे नाव मिळाले. आरंभीच्या डिझेल ट्रॅक्टरमध्ये स्टँडर्ड कंपनीचे चार सिलिंडरांचे २३सी हे इंजिन होते. १९५९ पासून त्याच्या जागी पर्किन्सचे तीन सिलिंडरांचे ३.१५२ हे इंजिन बसविण्यात येऊ लागले. अमेरिकेत डेट्रॉइट येथे तयार झालेल्या ३५ मध्ये तर काँटिनेंटलचे पेट्रोल इंजिनही असे.

नाव एकच, पण आतील रचना सर्वस्वी निराळी. चार सिलिंडरांच्या इंजिनात इंधन पेटण्याचा क्रम १-३-४-२ असा आहे, तर तीन सिलिंडरांच्या इंजिनात तो १-२-३ असा आहे. पहिल्याचे लायनर पाण्याच्या थेट संपर्कात असणारे, म्हणजे ओले आहेत. दुसऱ्याचे लायनर कोरडे असून ते ब्लॉकमध्ये घट्ट बसविलेले असतात. एकाच्या पुस्तिकेवरून दुसऱ्याचे काम केल्यास इंजिन बिघडल्यावाचून राहणार नाही.

म्हणून पुस्तिका शोधण्यापूर्वी ट्रॅक्टरच्या धातूच्या पाटीवरील अनुक्रमांक आणि इंजिनाच्या ब्लॉकवर कोरलेला क्रमांक, दोन्ही स्वतंत्रपणे टिपून घ्यावेत. जुन्या ट्रॅक्टरवर पूर्वीच्या मालकाने दुसरेच इंजिन चढविल्याचीही उदाहरणे असतात. तसे असल्यास इंजिनापुरती वेगळी पुस्तिका लागेल. कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंतच्या यंत्रांस ती लागू आहे, हे चांगल्या पुस्तिकेत आरंभीच दिलेले असते.

मापांची भाषा

जुन्या पुस्तिकांतील बहुतेक मापे इंच, पौंड व गॅलन यांत असतात. येथेच मोठ्या चुका होतात. समजा, पुस्तिकेत एखादा बोल्ट ६० फूट-पौंड आवळावा असे लिहिले आहे आणि कारागिराच्या टॉर्क पान्यावर न्यूटन-मीटरची खूण आहे. ६० फूट-पौंड म्हणजे सुमारे ८१ न्यूटन-मीटर होत. त्याने ६० वरच पाना थांबविला तर बोल्ट सुमारे चतुर्थांशाने ढिला राहील. असे हेडच्या बोल्टांबाबत घडल्यास गॅस्केट जळेल आणि केलेली मेहनत व्यर्थ जाईल.

गॅलनचेही तसेच. ब्रिटिश गॅलन सुमारे ४.५५ लिटरचा, तर अमेरिकी गॅलन सुमारे ३.७९ लिटरचा असतो. ८ ब्रिटिश गॅलन तेल लागणाऱ्या पेटीत अमेरिकी मापाने तेल भरल्यास ६ लिटर तेल कमी पडेल. यास्तव पुस्तिका कोणत्या देशात छापली गेली हे अवश्य पाहावे.

निवडीच्या कसोट्या

पुस्तिका विकत घेण्यापूर्वी ती चाळून पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. बोल्ट किती व कोणत्या क्रमाने आवळावेत याचा तक्ता आहे काय?

२. नव्या भागाच्या मापाबरोबरच झिजेची कमाल मर्यादाही दिली आहे काय? ती नसल्यास भाग ठेवावा की बदलावा हे ठरविता येत नाही.

३. टॅपेटमधील अंतर इंजिन गरम असताना मोजावयाचे की थंड असताना, हे स्पष्ट केले आहे काय? पर्किन्स ३.१५२ मध्ये हे अंतर थंड स्थितीत ०.०१२ इंच, तर गरम स्थितीत ०.०१० इंच ठेवतात.

४. भाग सुटे करून क्रमाने मांडलेली चित्रे सुस्पष्ट आहेत काय? छायाप्रतीत आकडे पुसट झाले असतील, ३ व ८ यांत फरक कळत नसेल, तर ती प्रत घेऊ नये.

५. दोष शोधण्याचे स्वतंत्र प्रकरण आहे काय? धूर काळा, निळा की पांढरा यावरून कारण कसे ओळखावे, हे जेथे सांगितलेले असते ते पुस्तक नवशिक्या कारागिरास फार उपयोगी पडते.

कालबाह्य सूचना

पुस्तिका कितीही उत्तम असली तरी तीतील काही सूचना आज पाळू नयेत. जुन्या क्लच व ब्रेकच्या अस्तरांत ॲसबेस्टॉस असे, व त्याची धूळ फुफ्फुसास घातक असते. म्हणून ती हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. भाग धुण्यासाठी पेट्रोल वापरण्याची जुनी पद्धतही आगीच्या दृष्टीने धोक्याची आहे. तेलाच्या बाबतीत जुने नाव शोधत न बसता पुस्तिकेत सांगितलेला दाटपणा पाहून त्याच्याशी जुळणारे आजचे तेल निवडावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे साहाय्य

यंत्र बनविणाऱ्या कारखान्याची मूळ पुस्तिका मिळाल्यास तिलाच प्रथम पसंती द्यावी. ती अधिकृत विक्रेत्याकडे किंवा जुन्या कारखान्यातील मिस्त्रीकडे मिळू शकते. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांच्या चाचण्या घेतल्या जातात. तेथील चाचणी-अहवालांतून यंत्राची मूळ मापे पडताळून पाहता येतात, मात्र हे अहवाल दुरुस्ती-पुस्तिकेची जागा घेऊ शकत नाहीत.

बहुतेक पुस्तिका इंग्रजीत असल्याने अनुभवी कारागिरासही त्यांचा पुरता लाभ घेता येत नाही. गावातील कार्यकर्त्याने मिस्त्रीस सोबत घेऊन त्यांतील आवश्यक मापे मराठीत एका जाड पुठ्ठ्यावर उतरवावीत, प्रत्येक आकड्यापुढे त्याचे परिमाण लिहावे आणि तो पुठ्ठा ट्रॅक्टरच्या घरात टांगावा. एकाच जातीचे चार-पाच जुने ट्रॅक्टर गावात असल्यास सर्वांनी वर्गणी काढून एकच चांगली पुस्तिका घ्यावी व ती ग्रामपंचायतीच्या वाचनालयात ठेवावी.

ही सर्व तयारी उन्हाळ्यात, यंत्र धड असतानाच करावी. इंजिन उघडल्यावर पुस्तक शोधू लागणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे.