पूर आला तरी घर कोरडं! आसाममधली 'चांग घरं' नेमकी कशी असतात?

पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेचं पाणी गावात शिरतं. अंगणात होडी बांधलेली असते आणि वर घरात चूल पेटलेली असते. आसामच्या माजुली बेटावर हे दृश्य नवीन नाही. २०१६ मध्ये जिल्ह्याचा दर्जा मिळालेल्या या नदीबेटावरचा मिसिंग समाज पिढ्यान् पिढ्या 'चांग घरां'त राहतो. आसामी भाषेत 'चांग' म्हणजे मचाण.

घर खांबांवर का?

कारण फक्त पूर नाही. इथली हवा दमट आणि जमीन ओली. घर वर उचललं की खालून वारा खेळतो, ओल वर चढत नाही, सापही सहसा आत येत नाहीत. घरातली जमीन चिरलेल्या बांबूची असते. तिच्या फटींमधून हवा वर येते आणि सांडलेलं पाणी खाली जातं. घराखालची जागाही वाया जात नाही. तिथे डुकरं, कोंबड्या आणि बायकांचा हातमाग असतो.

मग बांबूवर चूल कशी पेटते?

लाकडी चौकटीत माती भरून तिच्यावर चूल मांडतात. वर टांगलेल्या फळ्यांवर मासे सुकतात. त्याच धुरामुळे बांबूला आणि गवताच्या छपराला कीड कमी लागते.

उंची कोण ठरवतं?

मागच्या मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, ते आठवून घराची उंची ठरते. बांधणी वेताची असल्यामुळे गाठी सोडून जमीन आणखी वर घेता येते. नदीने काठ खाल्ला, तर घर उतरवून दुसरीकडे उभारता येतं. १९५० च्या भूकंपानंतर ब्रह्मपुत्रेचं पात्र गाळाने उंचावलं आणि पूर व धूप दोन्ही वाढले. त्यामुळे ही सोय फार मोलाची ठरते.

तरीही लोक पक्कं घर का बांधतात?

बांबू आणि गवत काही वर्षांनी बदलावं लागतं, आणि पक्क्या घराला मान असतो. पण कमी जोत्याच्या पक्क्या घरात पाणी थेट शिरतं आणि काठ खचला की भिंती सोबत नेता येत नाहीत. म्हणून काही कुटुंबांनी मधला मार्ग काढलाय: खांब काँक्रीटचे, वर बांबूचं घर.

मात्र एकदा ओतलेला खांब सहज वाढवता येत नाही. त्यामुळे आता फक्त मागचा पूर आठवून भागत नाही, पुढच्या पुराचाही अंदाज आजच बांधावा लागतो.