मेंदूविना आठवण

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू जेमतेम २ मायक्रोमीटर लांबीचा. त्याला ना डोळे, ना नाक, ना मेंदू. तरीही अन्न जिकडे जास्त, तिकडे तो नेमका पोचतो. हे त्याला जमते कसे?

त्याच्या अंगावर शेपटासारख्या काही कशाभिका असतात. प्रत्येकीच्या मुळाशी प्रोटॉनच्या प्रवाहावर फिरणारी इवलीशी मोटर असते. मोटरी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरल्या की कशाभिका वेणीसारख्या एकत्र येतात आणि जिवाणू साधारण सेकंदभर सरळ पोहतो. एखादी मोटर सुलट फिरली की वेणी विस्कटते. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात तो गिरकी घेतो आणि नव्या दिशेला लागतो. हॉवर्ड बर्ग यांनी एकट्या जिवाणूचा पाठलाग करणारा सूक्ष्मदर्शक बनवला आणि १९७२ मध्ये या हालचालींचे मोजमाप प्रसिद्ध केले.

गिरकीनंतर तोंड कुठे वळेल, हे जिवाणूच्या हाती जवळपास नसतेच. गिरकी कधी घ्यायची, एवढेच त्याच्या हाती. अन्न वाढत असेल तर तो गिरकी लांबणीवर टाकतो, म्हणून योग्य दिशेचा पल्ला मोठा होतो.

पण अन्न वाढतेय हे कळते कसे? १९७२ मध्येच मॅकनॅब आणि कॉशलंड यांनी ई. कोलायचा भाऊबंद साल्मोनेला घेतला आणि द्रवातले सेरीन हे त्याचे अन्नद्रव्य सगळीकडे एकसारखे, पण अचानक वाढवले. कोणतीच दिशा अधिक लाभाची उरली नव्हती. तरी जिवाणू काही काळ गिरक्या सोडून सरळ पोहत राहिले. म्हणजे ते पुढची-मागची जागा नव्हे, तर आत्ताचा क्षण आणि मघाचा क्षण ताडून पाहत होते.

ही आठवण साठते रसायनांत. पेशीच्या आवरणातले ग्राही रेणू अन्नाची खबर क्षणात मोटरींपर्यंत पोचवतात. त्याच ग्राहींवर चढणारे-उतरणारे मेथिल गट मात्र काही सेकंद मागे राहतात. या मागे राहण्यातच ‘मघाशी’ची नोंद असते.

या क्षमतेची किंमत आपणही मोजतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू अशाच जाणिवेने जठरातल्या आम्लापासून दूर, अस्तराकडे सरकतो आणि तिथे ठाण मांडून अल्सरला कारण ठरतो. त्याची वाट चुकवायची, तर आधी ती वाट त्याला सापडते कशी, हेच समजून घ्यायला हवे.