नळ, दिवा आणि घरपट्टी

परराष्ट्र धोरणावर आपल्याकडे कोणीही अर्धा तास बोलू शकतो. पण घरपट्टीच्या बिलातील चौथी ओळ कशाची, असे विचारले तर भलेभले गप्प होतात. हा काही नागरिकांच्या बुद्धीचा दोष नव्हे. ती ओळ त्यांना कोणी समजावून सांगितलेलीच नसते, आणि विचारायला गेले तर खिडकीतला मनुष्य पुढच्या खिडकीकडे बोट दाखवितो. गावोगावी लोक नगरपालिकेविषयी जे प्रश्न विचारतात, ते आम्हाला नेहमीच रास्त वाटत आले आहेत. अडचण एवढीच की रास्त प्रश्न भलत्या दारी आणि भलत्या वेळी विचारला, तर त्याला उत्तर मिळत नाही.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. मुंबई महानगरपालिकेचा कारभार १८८८ च्या कायद्याने चालतो, इतर महानगरपालिकांचा १९४९ च्या आणि नगरपरिषदांचा १९६५ च्या. आम्ही येथे मुख्यतः नगरपरिषदेचे एखादे मध्यम गाव डोळ्यांपुढे ठेवले आहे. वस्ती चाळीस हजार ते एक लाख, म्हणजे ‘ब’ वर्गाची नगरपरिषद. महानगरात राहणाऱ्यांनी नावे बदलून घ्यावीत. तत्त्व फारसे बदलत नाही.

तक्रार नगरसेवकाकडे न्यावी की मुख्याधिकाऱ्याकडे, हा सर्वांचा पहिला प्रश्न. गटार तुंबले की माणसे नगरसेवकाच्या ओट्यावर जमतात, तो फोन फिरवितो आणि पुष्कळदा काम होऊनही जाते. म्हणून लोकांची अशी समजूत झाली आहे की गटार काढण्याचा अधिकार नगरसेवकाचा. वास्तविक एकट्या नगरसेवकाला कोणताच हुकूम सोडता येत नाही. त्याचा अधिकार सभागृहात, इतर सभासदांसह बसल्यावर, ठरावाच्या रूपाने उत्पन्न होतो. सभा ठरविते आणि मुख्याधिकारी करतो. हा मुख्याधिकारी राज्य शासनाचा अधिकारी असतो. त्याला गावाने निवडलेले नसते. नगराध्यक्षाचे मात्र निराळे आहे. तो थेट लोकांनी निवडावा की नगरसेवकांनी, याबद्दल राज्याचेच मत स्थिर राहिलेले नाही: २०१६ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. ज्या खुर्चीकडे जाणारी वाट सहा वर्षांत तीनदा बदलते, तिच्यावर बसणाऱ्याला आपला धनी कोण हे उमगायला वेळ लागला तर नवल नाही.

यातून व्यवहारात काय निघते ते पाहा. रस्त्यावरचा दिवा होता आणि तो बंद पडला, तर ही अंमलबजावणीची तक्रार. ती मुख्याधिकाऱ्याच्या नावे लेखी द्यावी आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पण त्या रस्त्यावर दिवा कधी नव्हताच आणि आता हवा असेल, तर तो निर्णयाचा आणि पैशाचा प्रश्न झाला. तेथे अर्ज कितीही कळकळीने लिहिला तरी अधिकारी ‘तरतूद नाही’ म्हणणार, आणि ते खोटे नसते. ही मागणी नगरसेवकाकडे न्यायची आणि तीही अंदाजपत्रकाच्या आधी. अंदाजपत्रकाची सभा फेब्रुवारीत होते. आपले लोक उन्हाळ्यात पाण्यासाठी आणि पावसाळ्यात रस्त्यासाठी जागे होतात. त्या वेळी वर्षाचे पैसे वाटून झालेले असतात.

दिव्याचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. खांब बहुधा महावितरणचा, त्यावरचा दिवा नगरपालिकेचा, वीज महावितरणची आणि तिचे बिल नगरपालिकेचे. तार तुटली तर एका कार्यालयात जावयाचे, दिवा गेला तर दुसऱ्या. रस्त्याचेही तसेच. गावातून जाणारा मोठा रस्ता पुष्कळदा सार्वजनिक बांधकाम खात्याचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असतो आणि त्यावरचे खड्डे लोक नगराध्यक्षाच्या नावावर मांडीत राहतात. रस्त्यांची नोंदवही कार्यालयात असते. आपला रस्ता त्या वहीत आहे की नाही, एवढे पाहून मग भांडायला निघावे.

आता पाणी. ‘धरण भरले आहे, मग आम्हाला एक दिवसाआड का?’ हा प्रश्न ऐकला नाही असे गाव आम्हाला ठाऊक नाही. धरण जलसंपदा विभागाचे असते. त्यातला ठरावीक वाटा गावासाठी राखलेला असतो आणि नगरपालिका त्याची पट्टी भरते. तेथून पंपाने पाणी उचलायचे, म्हणजे विजेचे बिल आले. मग शुद्धीकरण केंद्र: तुरटीने गाळ बसवायचा, वाळूच्या थरातून गाळायचे, क्लोरीन द्यायचा. नंतर उंच टाकी आणि टाकीखालून निघालेल्या वाहिन्या. कोणत्या भागाची चावी केव्हा उघडावयाची हे ठरलेले असते, आणि ते करणारा चावीवाला हा गावातील खरा सत्ताधीश होय. धरणात पाणी असूनही नळाला नसते, याचे कारण या साखळीत कोठेतरी दडलेले असते. कोठे पंपाची ताकद कमी, कोठे टाकी लहान, आणि पुष्कळ ठिकाणी वाहिनी ज्या काळी घातली त्या काळच्या वस्तीपुरतीच. तशात जमिनीखाली गळते ते निराळेच.

भुयारी गटारे असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावे, नसलेल्याला ७० लिटर, असा केंद्र शासनाच्या १९९९ च्या मार्गदर्शक ग्रंथातील दंडक होता. पाच माणसांच्या घराला पहिल्या हिशेबाने ६७५ लिटर होतात. तेवढे पाणी गावात येतही असेल. पण ते चोवीस तास हळूहळू देण्याऐवजी एका तासात सोडले की सगळे गाव एकाच वेळी बादल्या लावते. चोवीस तासांचे काम वाहिनीला एका तासात करावे लागते. टाकीजवळच्या घरात धो धो येते आणि शेवटच्या घरात नळ नुसता फुसफुसतो. मग शेवटचा मनुष्य नळाला थेट मोटार लावतो, त्याचे पाहून शेजारी लावतो आणि तिसऱ्याच्या घरी काहीच पोहोचत नाही.

याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. पाणी बंद असते तेव्हा वाहिनी रिकामी होते आणि तिच्यातला दाब जातो. सांधा झिजलेला असला आणि शेजारून गटार वाहत असले, तर बाहेरचे पाणी आत शिरते. मोटार तर ते ओढूनच आणते. पहिल्या दोन बादल्या गढूळ का येतात याचे हे एक उत्तर. त्या बादल्या झाडांना घालाव्यात; पिण्यासाठी भरू नयेत. शुद्धीकरण केंद्रात पाणी कितीही चोख केले तरी त्याची खरी परीक्षा वाहिनीच्या शेवटच्या घरी होते. तेथे पोहोचल्यावरही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरला पाहिजे असे मानक आहे. नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले आणि ते पिवळे झाले तर क्लोरीन आहे, तसेच राहिले तर नाही. गावात ही तपासणी होते. ती आपल्या गल्लीच्या टोकाला, शेवटच्या घरी करा, अशी लेखी मागणी पाणीपुरवठा विभागाकडे करावी. ‘पाणी खराब येते’ या तक्रारीला उत्तर देणे टाळता येते. अमुक तारखेला अमुक नळावर क्लोरीन आढळला नाही, या नोंदीला टाळता येत नाही. लहान मुलांच्या घरात या नोंदीचे मोल किती, ते कावीळ पाहिलेल्या कोणालाही सांगावयास नको.

घरपट्टीकडे वळू. हिशेब दिसतो तितका गूढ नाही. घर भाड्याने दिले असता वर्षाला वाजवी भाडे किती येईल ते धरायचे, त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करायचे; उरते ते करयोग्य मूल्य. समजा महिना दोन हजार रुपये भाडे धरले. वर्षाचे २४ हजार, दहा टक्के वजा जाता २१,६००. दर २० टक्के असेल तर कर ४,३२० रुपये. (मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आली, तिचा हिशेब वेगळा.) लोक टक्क्यांवर रागावतात. पण टक्के सर्वांना सारखेच असतात आणि ते सभेने ठरविलेले असतात. व्यक्तीची चूक होते ती पहिल्या पायरीवर. क्षेत्रफळ जास्त मोजले, गच्चीवरची पत्र्याची शेड खोली म्हणून धरली, बंद पडलेले दुकान चालू दाखविले, असे घडते. हरकत घ्यावयाची ती येथे, आणि आकड्यांनिशी. ‘कर फार आहे, कमी व्हावा’ या अर्जावर अधिकारी काही करू शकत नाही.

नगरपरिषदेत ही आकारणी साधारणपणे चार वर्षांनी नव्याने होते. यादी पाहण्यासाठी खुली ठेवतात, नोटिशीत मुदत दिलेली असते आणि त्या मुदतीत आलेल्या हरकतींवर सुनावणी होते. मुदत टळली की पुढे अपिलाची वाट राहते. पण तेथे सामान्यतः आधी पैसे भरावे लागतात. यादी पाहायला गावातून किती जण जातात हे एकदा कारकुनाला विचारावे. आपले घर पाहून झाल्यावर शेजारची पानेही चाळावीत. तीन मजली इमारत उभी असते आणि यादीत तिच्या नावावर मोकळी जागा असते. तिचा न भरलेला कर शेवटी भरतो तो प्रामाणिक माणूसच.

‘दिवा नाही तर कर का भरू?’ असे पुष्कळ जण विचारतात. राग समजतो, परंतु कर ही एखाद्या वस्तूची किंमत नव्हे, ती रोखून धरता येत नाही. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. निषेधाचा इतका महाग मार्ग दुसरा नसेल. आणि ती चौथी ओळ? ती बहुधा शिक्षण कराची. १९६२ च्या कायद्याने राज्य शासन हा कर आकारते. नगरपालिका तो केवळ गोळा करून पुढे पाठविते. शिव्या मात्र तिच्या वाट्याला राहतात.

नगरपालिकेपाशी स्वतःचा पैसा इतका कमी का, याचे एक कारण जकात. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली, मुंबईची २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येताना. जकातनाक्यावरचा जाच गेला हे उत्तमच झाले. तो परत यावा असे आम्ही म्हणणार नाही. पण रोज गल्ल्यात पडणाऱ्या पैशाच्या जागी वरून येणारे अनुदान आले, आणि अनुदानाची वाट पाहणाऱ्या संस्थेचा आवाज हळूहळू खाली जातो.

दाखल्यांविषयी थोडक्यात सांगतो. जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पुढे जन्मदाखल्याचे महत्त्व फारच वाढले आहे. तेव्हा बारशाची तारीख चुकली तरी ही चुकवू नये. दाखल्याला किती दिवस लागावेत हे २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली जाहीर करावे लागते. त्या मुदतीत सेवा न मिळाल्यास अपील करता येते, आणि दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो.

एक प्रश्न मात्र कायद्याच्या पुस्तकात सहज सापडत नाही. सभागृहच नसेल तर विचारायचे कोणाला? राज्यघटनेने नगरपालिकेची मुदत पाच वर्षे ठरविली आहे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असे म्हटले आहे. तरीही राज्यातील बहुसंख्य नगरपालिका २०२२ च्या सुमारास मुदत संपून प्रशासकाच्या हाती गेल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्यास बजावल्यावर डिसेंबरात नगरपरिषदांचे मतदान झाले. मधल्या काळात ठरविणारा आणि करणारा एकच होता. काही गावांत कामे झपाट्याने झाली असे लोक सांगतात, आणि तसे झालेही असेल. पण अंदाजपत्रकावर प्रश्न विचारायला समोर कोणी बसलेले नव्हते. त्या वर्षांत प्रशासकाने केलेले ठराव वहीत नोंदलेले आहेत. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून अर्ज केला तर तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आपल्या गल्लीसंबंधी त्या वहीत काय लिहिले आहे, ते कोणालाही पाहता येईल.