निवडणुकीतला पैसा आणि पक्षापक्षांतली दरी

मागच्या व्याख्यानात आपण समतेच्या कल्पनेपाशी थांबलो होतो. आज ती कल्पना जरा धुळीत उतरवून पाहू. विषय आहे राज्यांच्या आणि स्थानिक निवडणुकांतला पैसा, आणि तो पैसा गोळा करण्याच्या बाबतीत पक्षापक्षांत पडलेली दरी. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हिशेबाच्या वह्या कशाला हव्यात, असं कुणी विचारील. पण समतेचा प्रश्न शेवटी हिशेबाच्या वहीतच सापडतो, त्याला काय करणार!

आधी काही आकडे घेऊ. निवडणूक रोख्यांची योजना २०१८ च्या जानेवारीत सुरू झाली आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर स्टेट बँकेला आपली दफ्तरं उघडावी लागली. एप्रिल २०१९ पासूनची जी माहिती बाहेर आली, तिच्यात भारतीय जनता पक्षाने वटवलेले रोखे सुमारे ६,०६० कोटींचे, म्हणजे एकूण रकमेच्या जवळपास निम्मे. तृणमूल काँग्रेस सुमारे १,६०९ कोटी, काँग्रेस १,४२१, भारत राष्ट्र समिती १,२१४, बिजू जनता दल ७७५. शिवसेना सुमारे १५९ कोटी. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष शून्य. त्यांनी रोखे घ्यायचेच नाहीत असं ठरवलं होतं आणि योजनेविरुद्ध न्यायालयातही तेच गेले होते.

ही यादी वरवर वाचली तर वाटतं की मोठ्या पक्षाला जास्त, छोट्याला कमी, यात नवल काय? पण जरा थांबा. तृणमूल काँग्रेसचं बळ मुख्यतः एका राज्यात, आणि तिला मिळालेले रोखे देशभर पसरलेल्या काँग्रेसपेक्षा जास्त. तेलंगणात विधानसभेच्या जागा ११९ आणि तिथला पक्ष बाराशे कोटींच्या पुढे. महाराष्ट्रात जागा २८८, आणि इथल्या एका जुन्या प्रादेशिक पक्षाच्या नावावर दीडशे कोटींच्या आसपास. महाराष्ट्रात निवडणुकीला पैसा कमी लागतो असा याचा अर्थ आपल्यापैकी कुणी काढणार नाही. अर्थ एवढाच, की दरी राष्ट्रीय आणि प्रादेशिक अशी नाही. ज्याच्या हातात एकट्याने, भक्कमपणे, सलग राज्याची सत्ता आहे त्याच्याकडे पैसा जातो. जमीन, खाण, मद्याचा परवाना, रस्त्याचं कंत्राट या गोष्टी बहुतांशी राज्य सरकारच्या टेबलावरून जातात. देणारा विचारसरणी बघून देत असता तर विरोधात बसल्यावर देणग्या इतक्या आटल्या नसत्या.

आता आपल्या शास्त्राकडे येऊ. दरी आहे म्हणजे अन्याय आहे, असं आपण लगेच म्हणायचं का? नाही. समजा एका पक्षामागे दहा लाख माणसं आहेत, दुसऱ्यामागे एक लाख, आणि प्रत्येकाने शंभर रुपये दिले. पहिल्याकडे दहापट पैसा जमेल. यात तक्रारीला जागा नाही, ती लोकांच्या पाठिंब्याचीच मोजणी झाली. समजा दोघांमागे माणसं सारखीच, पण एकामागची श्रीमंत आहेत. इथे मन अस्वस्थ होतं. माणसं सारखी आणि आवाज मात्र लहानमोठा. तिसरी गोष्ट अशी, की देणारा पाठीराखा नाहीच, तो गिऱ्हाईक आहे. उद्या जे टेबलावर येणार आहे त्यासाठी तो आज देतो. ही तिसरी दरी सरळसरळ अन्यायाची. आपल्याकडची पंचाईत अशी, की पक्षाच्या वहीत तिन्ही प्रकारचा पैसा एकाच रकान्यात जमा होतो.

जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात राजकीय स्वातंत्र्याच्या न्याय्य मूल्याचा विचार मांडला. स्वातंत्र्य कागदावर सर्वांना सारखं असून भागत नाही, ते वापरण्याची ताकदही साधारण सारखी हवी. पण आपल्याला त्यासाठी हार्वर्डला जायची गरज नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत हीच विसंगती सांगितली होती, राजकारणात एका माणसाला एक मत आणि समाजात, अर्थकारणात विषमता. त्यांचं भाषण आपण वर्षातून एकदा उद्धृत करतो आणि निवडणुकीच्या हिशेबाशी ते जोडायचं मात्र विसरतो.

आणखी एक जुनी गोष्ट, मुंबईची. १९५७ साली टाटा पोलाद कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्यापुढे आलं. कायद्यात मनाई नव्हती, म्हणून त्यांनी परवानगी दिली. पण देताना संसदेला बजावून ठेवलं, की हा धोका वाढत जाऊन लोकशाहीचा गळा आवळू शकतो. पुढे १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली. नफ्याच्या ठराविक टक्क्यांची मर्यादा होती, ती २०१७ मध्ये काढली गेली आणि २०२४ च्या निकालाने परत आली. बंदीच्या काळात पैसा थांबला का? थांबला नाही, फक्त चेकचा रोख झाला. तेव्हा नुसती बंदी घातली की झालं, असं मानणाऱ्यांनी ती सोळा वर्षं जरूर अभ्यासावीत.

आता खर्चाच्या मर्यादेकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपये खर्च करता येतात, गोव्यात २८ लाख. ऐकायला छान वाटतं, सगळे एका रेषेत. पण पक्षाने किती खर्च करावा यावर मर्यादाच नाही! पक्षाच्या ‘स्टार प्रचारकां’च्या प्रवासाचा खर्च, म्हणजे हेलिकॉप्टर आलं, उमेदवाराच्या खात्यात धरत नाहीत. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की पक्षाने एखाद्या उमेदवारासाठी केलेला खर्च त्याच्या मर्यादेत मोजा, नाहीतर मर्यादेला अर्थ उरत नाही आणि पैसेवाला पक्ष पुढे जातो. अगदी साधा तर्क. काही आठवड्यांत वटहुकूम निघाला आणि तो तर्क कायद्याने पुसला गेला. कलमाची भाषा पुढे २००३ मध्ये बदलली, पण पक्षाच्या खर्चाला कुंपण काही पडलं नाही.

बरं, उमेदवाराची मर्यादा तरी खरी आहे का? गोपीनाथ मुंडे यांनी जून २०१३ मध्ये मुंबईतल्या एका जाहीर समारंभात सांगितलं, की २००९ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांना आठ कोटी खर्च आला. तेव्हाची मर्यादा होती २५ लाख. निवडणूक आयोगाची नोटीस त्यांना आली. ज्यांनी उघडपणे सांगितलं त्यांना नोटीस, आणि जे मर्यादेच्या बरेच आत बसणारे हिशेब मुकाट्याने भरतात त्यांना काही नाही. यात गंमत वाटावी की खेद, हे आपापलं ठरवा.

स्थानिक पातळीवर चित्र पुन्हा बदलतं, आणि याची चर्चा फार कमी होते. वर राज्यात पक्ष उमेदवाराला पैसा देतो असं आपण धरून चालतो. खाली नगरपालिकेत, जिल्हा परिषदेत, बहुतेक वेळा उलटं असतं. तिकीट मागायला गेलेल्या कार्यकर्त्याला पहिला प्रश्न, “खर्चाची तयारी आहे ना?” म्हणजे ज्या पक्षाकडे पैसा कमी, तो पैसेवाला उमेदवार शोधतो, आणि ज्याच्याकडे भरपूर आहे तोसुद्धा पैसेवालाच शोधतो. वीस वर्षं सतरंज्या उचललेला माणूस दोन्हीकडून बाहेर. पक्षांमधली दरी अशी पक्षाच्या आत येऊन बसते. आपल्याकडे स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, ती मोठी गोष्ट आहे. पण जिच्या नावावर ना शेत ना घर, तिने ‘तयारी आहे’ असं म्हणायचं तर कुणाच्या जोरावर? नवऱ्याच्या किंवा कंत्राटदाराच्या. मग निवडून आल्यावर सही कुणाच्या सांगण्यावरून होणार, हे वेगळं सांगायला नको.

प्रभागांच्या रचनेचंही पाहा. मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक, असे २२७. राज्यातल्या इतर महापालिकांत मात्र साधारण चार सदस्यांचा प्रभाग. प्रभाग मोठा झाला की पत्रकं जास्त, कार्यकर्ते जास्त, गाड्या जास्त. पक्षाचे चौघे मिळून पॅनेल करतात, सभा एक, पत्रक एक, खर्च चौघांत. अपक्षाला किंवा छोट्या पक्षाच्या एकट्या उमेदवाराला तेवढाच प्रभाग एकट्याने पायाखाली घालायचा. नियमात कुठेही भेदभाव लिहिलेला नाही, तरी पारडं झुकलेलं आहे. आणि पणाला काय आहे? एकट्या मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षं तिथे लोकांनी निवडलेलं कुणी नव्हतं, प्रशासक होते. त्या काळात वॉर्डातला छोटा पक्ष काय दाखवून वर्गणी मागणार?

“मग उपाय काय?” असा प्रश्न समोरून चिठ्ठीवर आलाच आहे. १९९८ मध्ये इंद्रजित गुप्ता समितीने सरकारी मदत सुचवली, रोख नव्हे, तर वस्तुरूपाने. पण ती मान्यताप्राप्त पक्षांपुरती, म्हणजे दरीच्या अगदी तळाशी असलेल्याला तिचा उपयोग नाही. आम्हाला स्वतःला पक्षाच्या खर्चावरची मर्यादा अधिक पटते. ब्रिटनमध्ये ती २००० च्या कायद्याने आली. शिवाय देणग्यांची नावं मतदानाआधी जाहीर व्हावीत. नंतर वर्षभराने कळून मतदाराला त्याचा काय उपयोग?

दुसरी चिठ्ठी आहे, “सामान्य माणसाने शंभर रुपये दिले तर काय फरक पडतो?” पडतो, पण कायदा त्याच्या बाजूला नाही. राजकीय देणगीवर आयकरात सूट मिळते ती जुन्या करपद्धतीत, आणि रोख दिलं तर नाही. म्हणजे वरच्या टप्प्यात कर भरणाऱ्याच्या देणगीचा काही भाग सरकार उचलतं, आणि बाजारात भाजी विकणाऱ्या बाईचे शंभर रुपये पूर्ण तिचेच जातात. तरी हातकणंगल्यात राजू शेट्टी यांनी ‘एक व्होट, एक नोट’ म्हणत वर्गणीवर निवडणूक लढवली आणि २००९ मध्ये ते लोकसभेत गेले. २०१९ आणि २०२४ मध्ये ते हरले, हेही सांगायला हवं. पण तिथे नोट देणारा शेतकरी होता, त्याच्या मागण्या उसाच्या दराच्या होत्या आणि त्या भर सभेत बोलल्या जात होत्या. मघाशी जे तीन प्रकार सांगितले त्यातला हा पहिला. तिसऱ्या चिठ्ठीत कर्नाटक आणि तमिळनाडूबद्दल विचारलं आहे, ते पुढच्या शनिवारी घेऊ.