विद्यार्थ्याचा दिवस : अध्ययन, निर्मिती आणि विश्रांती

परीक्षा जवळ आली म्हणजे विद्यार्थ्यांच्या घरचे दिवे मध्यरात्रीनंतरही जळताना दिसतात. कष्टाळू मनुष्याने 'रात्रीचा दिवस केला' असे मराठीत म्हणतात, व ते गौरवानेच म्हणतात. विद्यार्थ्याची लक्षणे सांगणाऱ्या एका प्राचीन संस्कृत सुभाषितात श्वाननिद्रेची गणना आहे. विद्यार्थ्याची झोप कुत्र्याच्या झोपेसारखी थोडी व सावध असावी, असा त्याचा भाव आहे. रस्त्यावरील दिव्याच्या उजेडात अभ्यास करून नावलौकिकास चढलेल्या पुरुषांच्या कथा भारताच्या निरनिराळ्या प्रांतांत सांगितल्या जातात. या साऱ्यांतून एक समजूत दृढ झाली आहे. दिवसाचे तास म्हणजे जणू एक भाकरी. अभ्यासाला मोठा तुकडा हवा असेल तर झोप, खेळ, चित्रकला, संगीत, लेखन यांच्या वाट्याचा तुकडा लहान केलाच पाहिजे.

ही समजूत अर्धीच खरी आहे. दिवसाचे तास मोजकेच असतात, हे निर्विवाद होय. परंतु मेंदूचे कार्य कसे चालते याविषयी गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत जे ज्ञान प्राप्त झाले, त्यावरून असे दिसते की अध्ययन, निर्मिती आणि विश्रांती ही एकमेकींची वाटेकरी नसून एकाच कार्याची तीन अंगे आहेत. एक अंग तोडले असता उरलेली दोन बळावत नाहीत. उलट दुर्बल होतात.

स्मृतीचा हिशेब

स्मृतीचे मोजमाप करण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न जर्मन शास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी केला व त्याचे निष्कर्ष १८८५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ज्यांना काही अर्थ नाही अशी अक्षरपदे त्यांनी तयार केली, त्यांच्या याद्या स्वतः पाठ केल्या आणि काही काळाने त्या पुन्हा पाठ करण्यास किती आवृत्त्या लागतात ते मोजले. एका प्रयोगात बारा पदांच्या याद्यांची एकाच बैठकीत ६८ वेळा उजळणी केल्यावर दुसऱ्या दिवशी जेवढा लाभ दिसून आला, तेवढाच लाभ तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवृत्त्यांनी झाला. म्हणजे जवळजवळ निम्म्या श्रमात तेच फळ मिळाले. दोहोंमध्ये भेद होता तो श्रमाच्या विभागणीचा.

या मधल्या काळात काय घडते, याचा एक धागा १९२४ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स व डॅलनबाख यांना सापडला. त्यांनी दोन विद्यार्थ्यांना दहा-दहा निरर्थक पदांच्या याद्या पाठ करावयास दिल्या. काही वेळा पाठांतरानंतर ते झोपी जात, काही वेळा नेहमीच्या उद्योगात जागे राहत. आठ तासांनी विचारले असता जागे राहिलेल्या प्रसंगी सरासरीने दहांतील एखादेच पद आठवे. झोपलेल्या प्रसंगी निम्म्याहून थोडी अधिक पदे आठवत. झोपेच्या काळात स्मृती जागेपणापेक्षा अधिक टिकते, ही गोष्ट पुढे अनेक प्रयोगांनी पक्की झाली.

निद्रेचे कार्य

निद्रा म्हणजे मेंदूचे काम बंद पडणे नव्हे. १९५३ मध्ये शिकागो येथे ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी दाखवून दिले की निद्रेत काही काळ मिटलेल्या पापण्यांखाली डोळे वेगाने हलत असतात आणि त्या वेळी मेंदूतील विद्युत्-हालचाल जागेपणाशी मिळतीजुळती असते. तेव्हापासून निद्रेच्या अवस्थांचा सूक्ष्म अभ्यास होत आला आहे. सुमारे नव्वद मिनिटांचे एक आवर्तन, अशी चार-पाच आवर्तने एका रात्रीत होतात. पहिल्या आवर्तनांत गाढ निद्रा अधिक असते. शीघ्र नेत्रगतीची निद्रा पहाटेच्या आवर्तनांत अधिक असते. म्हणून जो विद्यार्थी पहाटेचे दोन तास कापतो, तो सर्व प्रकारची निद्रा सारख्या प्रमाणात कमी करीत नाही. एका विशिष्ट प्रकारच्या निद्रेचा फार मोठा भाग तो गमावतो.

दिवसभरात शिकलेली माहिती प्रथम मेंदूतील हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाच्या साहाय्याने नोंदली जाते. गाढ निद्रेत त्या नोंदी पुन्हा जागृत होतात आणि हळूहळू मेंदूच्या बाह्य स्तरात अधिक टिकाऊ स्वरूपात रुजतात, असे आज मानले जाते. दिवसभर जमविलेले धान्य रात्री कणगीत भरावे, तसा हा व्यवहार आहे. कणगीत न भरलेले धान्य अंगणातच वाया जाते.

चहा पिऊन निद्रा टाळता येते, हे खरे. पण त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. जागेपणी मेंदूत ॲडिनोसीन नावाचे द्रव्य साचत जाते व त्यामुळे झोपेची ओढ वाढते. चहा-कॉफीतील कॅफीन हे ॲडिनोसीनची जागा अडवून बसते. ओढ जाणवत नाही, परंतु साचलेले द्रव्य जागच्या जागी असते. शरीरातील कॅफीन निम्मे होण्यास साधारणपणे पाच तास लागतात. रात्री नऊ वाजता घेतलेल्या चहाचा प्रभाव मध्यरात्रीही पुरता ओसरलेला नसतो. सतत सतरा तास जागे असलेल्या माणसाच्या हातून कामात होणारी घसरण रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाच्या घसरणीएवढी असते, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले. परीक्षेला मद्य पिऊन जाण्याचा विचारही कोणी करणार नाही. रात्रभर जागून जाणे मात्र परिश्रमाचे लक्षण समजले जाते.

तेरा ते अठरा वर्षे वयाच्या मुलामुलींना रोज आठ ते दहा तास झोप आवश्यक आहे, असे निद्राशास्त्रज्ञ सांगतात. या वयात शरीरातील जैविक घड्याळही काहीसे पुढे सरकते व लवकर झोप येत नाही. किशोरवयीन मुलगा सकाळी उठत नाही तो केवळ आळसामुळे, असे पालकांनी मानू नये.

कल्पना केव्हा सुचते

स्मृतीला जे लागू आहे तेच निर्मितीलाही लागू पडते. फ्रेंच गणितज्ञ आंरी प्वाँकारे यांनी १९०८ मध्ये पॅरिस येथे दिलेल्या एका व्याख्यानात आपल्या तरुणपणच्या संशोधनाची हकीकत सांगितली. एका गणिती प्रश्नावर त्यांनी पंधरा दिवस रोज टेबलाशी बसून प्रयत्न केले होते. त्यापुढील एक महत्त्वाचा टप्पा त्यांना सुचला तो मात्र प्रवासात, गाडीच्या पायरीवर पाऊल ठेवता ठेवता, गणिताचा विचार मनात नसताना. परंतु त्यांनी हेही बजावले की असा क्षण आधीच्या जाणीवपूर्वक परिश्रमांवाचून येत नाही. आणि सुचलेली कल्पना नंतर बसून तपासून पाहावीच लागते. गणितासाठी सकाळी दोन व संध्याकाळी दोन असे चारच तास देण्याचा प्वाँकारे यांचा नेम होता.

इंग्रज विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये निर्मितीच्या चार पायऱ्या सांगितल्या : पूर्वतयारी, अंतर्मनातील परिपाक, अकस्मात स्फुरण आणि पडताळा. पहिली व चौथी पायरी कष्टाची आहे. दुसरीला विश्रांती लागते. २००४ मध्ये जर्मनीतील ल्यूबेक येथे झालेल्या एका प्रयोगाने यास पुष्टी दिली. अंकांचे एक कोडे सोडविण्याची लांबलचक रीत तरुणांना शिकविण्यात आली. तिच्यात एक सोपी वाट दडलेली होती, ती सांगितली नव्हती. आठ तासांनी पुन्हा तेच काम दिले असता, मधल्या वेळात झोपलेल्यांपैकी ज्यांना ती वाट सापडली त्यांची संख्या जागे राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक होती.

रामानुजन यांचे उदाहरण

तोल ढळला म्हणजे काय होते, हे श्रीनिवास रामानुजन यांच्या चरित्रात दिसते. १९०४ मध्ये कुंभकोणम येथील सरकारी महाविद्यालयात ते शिष्यवृत्ती मिळवून दाखल झाले. गणितात ते इतके बुडून गेले की अन्य विषयांकडे लक्ष राहिले नाही आणि शिष्यवृत्ती गेली. मद्रासमध्ये त्यांनी १९०६ व १९०७ या दोन्ही वर्षी पुन्हा परीक्षा दिली, पण गणिताखेरीज इतर विषयांत ते अनुत्तीर्णच झाले. पुढील काही वर्षे दारिद्र्यात गेली. १९१२ मध्ये मद्रास बंदरात त्यांना कारकुनी मिळाली, १९१४ मध्ये ते केंब्रिजला पोहोचले. तेथे युद्धकाळात शाकाहारी अन्नाची टंचाई होती व जेवणाच्या वेळा अनियमित होत्या. १९१७ पासून ते आजारी राहू लागले आणि १९२० मध्ये वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी निवर्तले. त्या आजाराचे कारण दिनचर्येतच होते, असे म्हणणे योग्य होणार नाही. परंतु त्यांचे मार्गदर्शक हार्डी यांना सर्वाधिक खेद वाटत असे तो अकाली मृत्यूपेक्षाही, अठरा ते पंचवीस ही उमेदीची वर्षे मार्गदर्शनाविना वाया गेली याचा.

या चरित्राचा बोध केवळ विद्यार्थ्यांसाठी नाही. रामानुजन यांनी इंग्रजीसाठी रोज एक तास राखला असता तर कदाचित शिष्यवृत्ती वाचली असती. पण त्यांच्या गणितासाठी वेळापत्रकात जागा करण्याची जबाबदारी त्या काळच्या शिक्षणपद्धतीचीही होती. अशी जागा करता येते, हे रवींद्रनाथ ठाकुर यांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतन येथे शाळा काढून दाखविले. झाडाखालच्या वर्गांइतकेच संगीत, चित्रकला व नाट्य यांनाही तेथे शिक्षणात स्थान होते.

आठवड्याचे १६८ तास

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. आठवड्याचे तास १६८. रोज नऊ तास झोपेचे ६३; शाळेचे रोज सहा याप्रमाणे सहा दिवसांचे ३६; जाण्यायेण्याचे ६; जेवण, स्नान व घरकाम यांसाठी रोज तीन याप्रमाणे २१. उरले ४२ तास. रोज तीन तास घरी अभ्यास केला तर २१ खर्ची पडतात. रोज एक तास खेळ व एक तास चित्र, वाद्य, लेखन किंवा आवडीचा प्रयोग, मिळून १४. तरीही ७ तास शिल्लक राहतात.

हा हिशेब सर्वांच्या घरी सारखा नसतो. शाळा दूर असलेल्या, शेतात राबणाऱ्या किंवा स्वयंपाकाचा व धाकट्या भावंडांचा भार वाहणाऱ्या मुलामुलींना, विशेषतः मुलींना, शिल्लक तर नाहीच, उलट तूट येते. तूट आली असता प्रथम झोप कापण्याची प्रथा आहे. वर सांगितलेल्या कारणांमुळे ती सर्वांत तोट्याची आहे. अशा वेळी आवडीच्या कामाचा तास वीस मिनिटांवर आणावा, पण मोडू नये. अभ्यासाचे तास थोडे कमी करून ते आठवडाभर विभागावे. घरकामाची वाटणी मुलगा-मुलगी असा भेद न करता करणे हे पालकांचे काम आहे.

दिनचर्येसाठी तीन नियम पुरेसे आहेत. झोपण्याची व उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही फारशी बदलू नये. निजण्यापूर्वी तासभर भ्रमणध्वनीचा पडदा दूर ठेवावा, कारण तेजस्वी प्रकाशाने झोपेची वेळ सुचविणाऱ्या मेलाटोनिन या द्रव्याची निर्मिती मंदावते. कठीण प्रश्न सुटत नसेल तर तो नीट मांडून ठेवावा, फिरून यावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे.

एवढे करूनही कित्येक आठवडे झोप लागत नसेल, आवडीच्या कामातही मन रमत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर तो वेळापत्रकाचा प्रश्न राहत नाही. घरातील वडील माणसांशी, शिक्षकांशी किंवा डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' या सेवेच्या १४४१६ क्रमांकावर दूरध्वनी करूनही विनामूल्य सल्ला मिळतो. ताप आला असता वैद्याकडे जाण्यात कोणी कमीपणा मानत नाही. मनाच्या दुखण्यातही तो मानू नये.

परीक्षा दरवर्षी येतात आणि जातात. त्यांसाठी ज्या मेंदूवर विसंबावयाचे, त्याला दिवसा काम आणि रात्री निद्रा या दोहोंची गरज आहे. ही गोष्ट विद्यार्थ्याच्या जोडीने त्याच्या घराने व शाळेने मान्य केली, तर मध्यरात्रीनंतर जळणारे पुष्कळसे दिवे निर्धास्तपणे मालवता येतील.